चिकित्सक वाचन आणि समासातली टिपणं (हायस्कूल)

चिकित्सक वाचन म्हणजे मजकुराला प्रश्न विचारत विचारत वाचणं, आणि टिपणं म्हणजे ते प्रश्न, शंका, खुणा तिथल्या तिथे समासात पेन्सिलीने उतरवणं. इथला समास म्हणजे द्वंद्व-तत्पुरुषवाला नाही, पानाच्या कडेला सोडलेली कोरी जागा. आठवी ते दहावीच्या मुलांना या दोन्ही गोष्टी एकत्रच शिकवाव्या लागतात, कारण नुसतं "विचार करून वाचा" असं सांगितलं की मूल मान डोलावतं आणि पूर्वीसारखंच वाचतं, हातात पेन्सिल असली की मात्र कुठेतरी थांबावंच लागतं.

ही परदेशातून आलेली पद्धत आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. तिकडे यावर काम झालंय हे खरंच, केंब्रिजला आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकांनी विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता वाचायला दिल्या आणि चांगली शिकलेली मुलंसुद्धा कशी चुकीचं वाचतात ते १९२९ साली छापून दाखवलं. पण आपल्याकडे पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून बघितल्या, घुसलेले अशुद्ध पाठ बाजूला काढले, शुद्ध प्रत तयार केली आणि वर बजावलं की यात कुणी आपली ओवी घातली तर अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवल्यासारखं होईल. लेखकाचं काय आणि माझं काय हे वेगळं ठेवायचं, चिकित्सक वाचनाची पहिली पायरी हीच. टिपण समासात का लिहायचं याचं इतकं नेमकं उत्तर मला तरी दुसरीकडे सापडलेलं नाही.

वर्गात हे कसं चालतं? उतारा छोटा घ्यायचा, दहा-बारा ओळींचा, आणि झेरॉक्स काढताना उजवीकडे चार बोटं जागा सोडायची. पहिल्यांदा नुसतं वाचायचं, पेन्सिल खाली. दुसऱ्यांदा खुणा: न कळलेल्या शब्दाला गोल, पटलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, लेखकाचं मुख्य म्हणणं वाटेल त्याच्याखाली रेघ, पण अख्ख्या उताऱ्यात रेघा फक्त दोन. हा नियम कडक ठेवावा लागतो, नाहीतर मुलं हायलायटरने पान पिवळंधमक करतात आणि सगळंच महत्त्वाचं झालं की काहीच महत्त्वाचं राहत नाही.

समजा उताऱ्यात वाक्य आहे, "बंधारा झाला आणि गावातल्या सगळ्यांचे दिवस पालटले." पहिल्या वाचनात कुणीच थांबत नाही. दुसऱ्यांदा एखादी मुलगी "सगळ्यांचे" या शब्दापाशी प्रश्नचिन्ह काढते आणि बाजूला लिहिते, "ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांचे पण?" मग दुसरा कुणी "आणि"वर बोट ठेवतो, की बंधाऱ्यामुळेच पालटले का त्या वर्षी पाऊस पण चांगला झाला होता? एका वाक्यावर वीस मिनिटं जातात, आणि ती वाया गेलेली नसतात.

अडचणी खऱ्या आहेत. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारी आपली मुलं, त्यात लिहायला हात धजत नाही, शिवाय पुस्तक पुढच्या वर्षी धाकट्या भावाला द्यायचं असतं किंवा निम्म्या किमतीत विकायचं असतं. २०२३-२४ पासून राज्यात आठवीपर्यंतच्या पाठ्यपुस्तकांमध्ये नोंदींसाठी कोरी पानं घातली होती, पण मुलं वेगळ्या वह्या आणतच राहिली आणि जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. कोरं पान दिलं पण त्यावर काय लिहायचं ते शिकवलं नाही तर असंच होणार.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत (प्रश्नपत्रिकेत) 'स्वमत' नावाची कृती असते, म्हणजे मुलाने स्वतःचं मत लिहायचं, आणि बाजारातल्या गाईडमध्ये त्याचं तयार उत्तर मिळतं, क्लासमध्ये ते पाठ करून घेतात. स्वतःचं मत पाठ करायचं! समासात वर्षभर प्रश्न लिहिलेल्या मुलाला याची गरजच पडत नाही, कारण त्याच्याकडे लिहायला काहीतरी असतं.

टिपणांना मार्क देऊ नयेत. मार्क आले की मुलं सरांना किंवा बाईंना आवडेल ते लिहितात. त्यापेक्षा महिन्याभराने तोच कागद परत द्यायचा आणि या वेळी पेनने लिहायला सांगायचं, जुनी पेन्सिलीतली शंका खोडायची नाही, उत्तर मिळालं असेल तर तिच्याखालीच लिहायचं, आणि अजून मिळालं नसेल तर शेजारी दुसरं प्रश्नचिन्ह काढायचं.