जमशेटजी जीजीभाई यांचे कुलचिन्ह

मुंबईचे पारशी व्यापारी सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांना इंग्लिश पद्धतीनुसार मिळालेले व पुढे त्यांच्या घराण्यात चालत आलेले चिन्ह. जमशेटजी १८४२ मध्ये नाइट ('सर' हा व्यक्तिगत ब्रिटिश किताब) व १८५७ मध्ये बॅरोनेट (वारशाने चालणाऱ्या 'सर' किताबाचे धारक) झाले. दोन्ही मान मिळालेले ते पहिले भारतीय. चिन्ह या मानांशी निगडित असल्याने त्याची घडण याच सुमाराची धरण्यास हरकत नाही.

बॅरोनेटांच्या सूचीग्रंथांनुसार ढाल निळी असून तळाशी मुंबईनजीकचे घाट (सह्याद्रीचे डोंगर), त्यांवर उगवता सूर्य आणि वरच्या भागात उडणाऱ्या दोन मधमाश्या आहेत. ढालीवरील शिरोभूषणात हिरव्या टेकाडावर गव्हात उभा असलेला मोर. त्याच्या चोचीत एक ओंबी. ब्रीद इंग्रजीत आहे : 'इंडस्ट्री अँड लिबरॅलिटी', म्हणजे उद्योग व औदार्य.

एकोणिसाव्या शतकातील एका प्रचलित वर्णनात मात्र तपशील बदलतात. त्यात ढालीचा वरचा भाग पांढरा, चोचीत भाताची लोंबी, आणि खाली मुंबई बेटाचे दृश्य असून दूरवर साष्टी व घारापुरी दिसतात. सूर्य साष्टीमागून उगवतो. कुलचिन्हशास्त्रात चित्रापेक्षा नोंदीतील शब्दवर्णन प्रमाण असते व चित्रकाराला बरीच मोकळीक राहते, त्यामुळे असा फरक अगदीच अनपेक्षित नाही. तथापि ढालीचा रंग या मोकळिकीत बसत नाही. मधमाश्या ढालीच्या वरच्या भागात असणे आणि तेथे वेगळ्या रंगाचा आडवा पट्टा असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वर्णनकाराने त्या एक केल्या असाव्यात. सूर्याबाबतही घाटांचा पाठ अधिक ग्राह्य वाटतो. मुंबई बेटावरून पाहता साष्टी उत्तरेस आहे. पूर्वेस घारापुरी आणि पलीकडे सह्याद्री. साष्टीच्या उल्लेखामागे माहीमच्या पुलाची आठवण असेल, असा तर्क करता येतो. जमशेटजींच्या पत्नी लेडी अवाबाई यांच्या देणगीतून झालेला हा बांध १८४५ मध्ये खुला होऊन माहीम व वांद्रे जोडले गेले.

प्रतीकांचा अर्थ त्याच वर्णनात दिलेला आहे : सूर्याचे उगवणे उद्योगाचे, त्याने प्रकाश व ऊब वाटणे औदार्याचे, मधमाश्या चिकाटीच्या, मोर वैभवाचा, चोचीतील लोंबी परोपकाराची. सूर्यात जरथुश्ती धर्मातील अग्नी व प्रकाशाचे माहात्म्य पाहण्याचा मोह होतो, पण या वर्णनात त्याला आधार नाही. ज्या चीनच्या व्यापारातून, म्हणजे कापूस व अफू यांतून, संपत्ती उभी राहिली त्याचा तर चिन्हात मागमूसही नाही.

बॅरोनेट म्हणून ढालीवर अल्स्टरचा लाल पंजा, म्हणजे बॅरोनेटांची खूण, मिरवण्याचाही हक्क किताबधारकाला होता. १८६० च्या कायद्यान्वये किताबाच्या प्रत्येक वारसाने जमशेटजी जीजीभाई हेच नाव धारण करावयाचे ठरले. चिन्ह किताबासोबत चालत राहिले.