वुड चिपरची सुरक्षित हाताळणी

वुड चिपर म्हणजे तोडलेल्या फांद्यांच्या ढलप्या करणारे यंत्र. मुंबईत त्याची गरज सर्वाधिक भासते ती एप्रिल-मेमध्ये, पावसाआधीच्या छाटणीत. गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष यांच्या पसरट फांद्यांनी ट्रक बघता बघता भरतो. ढलप्या केल्या की तोच माल कितीतरी कमी जागेत मावतो.

यंत्राच्या तोंडात फांदी सरकवली की दातेरी रोलर ती पकडतात आणि फिरत्या ड्रमवरच्या (काही यंत्रांत तबकडीवरच्या) पात्यांकडे ओढतात. ढलप्या वरच्या नळीतून ट्रकमध्ये पडतात. मोठ्या यंत्रात ही ओढ मिनिटाला सुमारे ३० ते ३५ मीटर, म्हणजे सेकंदाला अर्ध्या मीटरहून जास्त असते. हात फांदीत अडकला आणि रोलर एक मीटरवर असले, तर सुटायला दोन सेकंदही मिळत नाहीत. सुरक्षिततेचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून आले आहेत.

फांदी नेहमी बुंध्याकडच्या जाड टोकाने घालावी. उभे राहावे ते तोंडाच्या बाजूला, समोर नव्हे. रस्त्यावर ही बाजू फुटपाथकडची असावी, म्हणजे पाठीमागून वाहन येत नाही. रोलरने पकड घेताच फांदी सोडून बाजूला व्हावे, कारण तिचे मागचे टोक फटका मारते. दुबेळके आधी करवतीने कापून घ्यावे. तोकडे तुकडे हाताने किंवा पायाने ढकलू नयेत. लांब फांदीवर ठेवून आत जाऊ द्यावेत, नाहीतर सरळ ट्रकमध्ये टाकावेत. झाडून गोळा केलेला कचरा यंत्रात घालूच नये. त्यातल्या खड्यांनी पाती बोथटतात.

हेल्मेट, चष्मा आणि कानांवर मफ हवेतच. आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. हातमोजे मनगटाशी घट्ट बसणारे असावेत, रुंद तोंडाच्या मोज्यात डहाळी शिरते. मेच्या घामात गळ्यात गमछा टाकायची सवय असते, पण चिपरजवळ तो काढून ठेवावा. माळ, कडे, अंगठीही. सगळ्यात घातक वस्तू म्हणजे झाडावर चढणाऱ्याचा दोर. तो फांद्यांच्या ढिगात राहिला आणि फांदीबरोबर आत ओढला गेला, तर दुसऱ्या टोकाला बांधलेला माणूस झाडावरून खाली येतो. म्हणून माणूस वर असेपर्यंत त्याचे दोर चिपरपासून दूर ठेवावेत आणि प्रत्येक ढीग उचलण्यापूर्वी मुकादमाने पाहून घ्यावा.

तोंडाशी असलेला सेफ्टी बार, म्हणजे रोलर थांबवणारा आणि उलटे फिरवणारा दांडा, रोज सकाळी, फांदी न घालता, तपासावा: रोलर पुढे फिरतात, थांबतात, उलटे फिरतात का. बार तारेने बांधून ठेवलेला आढळल्यास काम सुरू करू नये. एकट्याने चिपर चालवू नये. दुसरा माणूस बारपर्यंत हात पोहोचेल असा उभा असावा.

मुंबईच्या रस्त्यावरील झाडांत लोखंड फार. जाहिरातीच्या पाटीचा खिळा, दिव्यांच्या माळेची तार, केबलचा तुकडा सालीत पार बुडालेला असतो, वरून फक्त गाठीसारखा फुगवटा दिसतो. असा भाग कापून वेगळा काढावा. खिळ्याने पात्याला खाच पडते, आणि तुटलेला लोखंडाचा तुकडा नळीतून गोळीसारखा उडू शकतो. म्हणूनच नळीचे तोंड फुटपाथकडे किंवा उभ्या गाड्यांकडे कधीही नसावे.

नारळाच्या झावळ्यांचे तंतू रोलरला गुंडाळतात, ओला पाला नळीत बसतो. तुंबल्यावर इंजिन बंद करून, जो आत हात घालणार त्याने चावी स्वतःच्या खिशात ठेवावी. जड ड्रम इंजिन बंद झाल्यावरही बराच वेळ फिरत राहतो. तो पूर्ण थांबल्याची खात्री झाल्यावरच झाकण उघडावे आणि ड्रमची अडकवण पिन लावावी. फिरत्या ड्रमवरचे झाकण उघडल्यास पात्यांचा मार लागून ते उडते.

पाती बोथटल्याची खूण ढलप्यांत दिसते. स्वच्छ कापाऐवजी चिंध्या आणि भुसा येऊ लागतो, फांदी झटके देत जाते, आणि कामगार ती ढकलू लागतात. तिथेच थांबून पाती उलटवावीत किंवा बदलावीत. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या पीळजोरानेच) आवळावेत. ड्रमवरचे फिरते पाते आणि त्याच्यासमोरचे न हलणारे स्थिर पाते यांच्यातली एक-दोन मिलिमीटरची फटही तेव्हाच मॅन्युअलप्रमाणे जुळवावी, आणि झाकण लावण्याआधी ड्रम हळूच एक पूर्ण फेरा फिरवून कुठे घासत नाही ना ते पाहावे.