वास्तववादी चित्र विकत घेण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फ्रेम करायला येणाऱ्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो. घरात एखादं चांगलं निसर्गचित्र किंवा व्यक्तिचित्र लावायचंय, ते कुठे बघायचं, आणि घेतल्यावर पस्तावायची वेळ तर येणार नाही ना? काउंटरवर उभ्याउभ्या याचं पुरतं उत्तर देता येत नाही, म्हणून हे माहितीपत्रक. आमचा व्यवसाय फ्रेमिंगचा, चित्रांच्या निगराणीचा आणि घरी चित्रं टांगून देण्याचा. चित्रांच्या खरेदी-विक्रीवर आम्ही कमिशन घेत नाही. त्यामुळे खाली लिहिलंय ते मोकळेपणाने लिहिता आलं आहे.

आमचं सगळ्यात आग्रहाचं सांगणं आधीच सांगतो : चित्र समोर उभं राहून पाहिल्याशिवाय घेऊ नका. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून चित्राचा विषय कळतो, चित्र कळत नाही.

कुठे आणि कधी बघावं

मुंबईत सुरुवात काळाघोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीपासून करावी. १९५२ पासून ही गॅलरी सुरू आहे, प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि इथला आठवडा मंगळवारी सुरू होऊन सोमवारी संपतो. चित्रकार बहुधा हॉल भाड्याने घेतो आणि आठवडाभर स्वतः चित्रांपाशी हजर असतो, तेव्हा थेट त्याच्याशीच बोलता येतं. मंगळवारी संध्याकाळी उद्घाटनाची गर्दी असते, पाहुण्यांच्या पाठी दिसतात आणि चित्रं कमी. बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी अकराला दार उघडताच गेलात तर हॉल जवळजवळ तुमचाच असतो. एखाद्या चित्राखाली लाल टिकली दिसली तर ते विकलं गेलं असं समजावं. मात्र आवडलंच असेल तर चित्रकाराशी बोलायला हरकत नाही. त्याच मालिकेतली काही चित्रं भिंतीवर जागा नसल्याने स्टुडिओतच राहिलेली असतात. बाहेरच्या फुटपाथवर चित्रं मांडून बसणाऱ्यांकडेही जरूर डोकवा. समोर बसवून भराभर स्केच काढणारे काही हात तिथे फार तयारीचे आहेत.

तिथूनच चालत जाण्याच्या अंतरावर बरीच खासगी दालनं आहेत. वरळीला नेहरू सेंटरचं कलादालन आहे. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन आणि घोले रोडवरचं राजा रविवर्मा कलादालन, कोल्हापुरात दसरा चौकातलं शाहू स्मारक. मुंबईबाहेर प्रदर्शनं बऱ्याचदा दोन-चार दिवसांचीच असतात, म्हणून पेपरातली छोटी बातमी दिसली की त्याच आठवड्यात जायचं. बॉम्बे आर्ट सोसायटी (स्थापना १८८८) आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया (१९१८) यांची वार्षिक प्रदर्शनं चुकवू नयेत असं आम्हांला मनापासून वाटतं. तिथे नावाजलेल्यांच्या शेजारी नुकतेच कलाशाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची चित्रं टांगलेली असतात, आणि उद्याचा चांगला व्यक्तिचित्रकार परवडणाऱ्या किमतीत तिथेच सापडतो.

थंडीचे महिने हा या सगळ्याचा हंगाम. नोव्हेंबरात महालक्ष्मी रेसकोर्सवर आर्ट मुंबई, जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड, जानेवारी-फेब्रुवारीत काळाघोडा महोत्सव, फेब्रुवारीच्या सुरुवातीला दिल्लीत इंडिया आर्ट फेअर. या मोठ्या मेळ्यांत वास्तववादी काम तुलनेने कमी असतं, तरी जुन्या मुंबईकर चित्रकारांची कामं काही स्टॉलवर हमखास भेटतात.

एक प्रकार मात्र आपल्याकडचा खास आहे, तो म्हणजे प्रात्यक्षिक. चित्रकार मॉडेल समोर बसवून दीड-दोन तासांत, प्रेक्षकांच्या देखत व्यक्तिचित्र पूर्ण करतो. खरेदीचा विचार असलेल्याने अशी दोन-तीन प्रात्यक्षिकं जरूर बघावीत. कोऱ्या कॅनव्हासवर आधी काय येतं, मग काय, हे एकदा डोळ्यांदेखत पाहिलं की भिंतीवरचं तयार चित्रही वेगळं दिसू लागतं.

नजर तयार करायला

विकत घेण्याआधी उत्तम कामं पुष्कळ पाहावीत, आणि ती पाहायला फार लांब जावं लागत नाही. सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ साली सुरू झालं आणि तिथून जी परंपरा उभी राहिली, तिच्यातली उत्तमोत्तम कामं महाराष्ट्र-गोव्यातच आहेत. सातारा जिल्ह्यात औंधला तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं श्री भवानी संग्रहालय आहे. कोल्हापुरात चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. नट म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण त्यांची निसर्गचित्रं आणि पावडर शेडिंगची (पूड घासून छटा देऊन केलेली) कामं बघायला मुद्दाम जावं. पणजीत फोंताइन्यासमध्ये फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेकडे आंतोनियो शेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची चित्रं आहेत. घरातल्या माणसांची, खिडकीतून येणाऱ्या मंद उजेडाची ही चित्रं पाहिली की गडद रंगांतही किती ऊब असते ते कळतं.

आणि म्हैसूरला गेलात तर जगनमोहन पॅलेसमध्ये सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ पाहिल्याशिवाय परतू नका. एका हातात समई, दुसरा हात ज्योतीच्या आड, आणि बोटांच्या फटींतून झिरपून चेहऱ्यावर आलेला उजेड. सावंतवाडीच्या हळदणकरांनी हे जलरंगात केलं आहे. तैलरंगात चूक झाली तर वर दुसरा रंग चढवता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड कागदाचाच असतो, तो आधीपासून राखून ठेवावा लागतो आणि एकदा झाकला गेला की तसाच परत मिळत नाही. हे लक्षात ठेवून त्या बोटांकडे पाहा. कित्येक लोक हे चित्र रविवर्म्याचं आणि तैलरंगातलं समजून चालतात. नावाच्या वलयामुळे माणूस चित्राकडे नीट बघतच नाही, याचं याहून मोठं उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

चित्रापाशी उभं राहिल्यावर

हुबेहूब आलंय का, हा पहिला प्रश्न नव्हे. हुबेहूबपणा फोटोवरून उतरवूनही येतो. फोटोवरून काढलेलं व्यक्तिचित्र बहुधा ओळखू येतं : सावल्या एकसारख्या काळ्याठिक्कर, नाक जरा जास्त मोठं, कान मागे गेलेले, कारण कॅमेऱ्याची भिंग जवळून तशीच बघते. प्रत्यक्ष मॉडेलवरून केलेल्या कामात सावलीतही रंग असतो, निळसर, तपकिरी, कुठे शेजारच्या साडीचा लालसर उजाळा. फोटोचा आधार घेणं हा गुन्हा नाही, आजचे चांगले चित्रकारही घेतात. प्रश्न एवढाच की फोटोत जे नव्हतं ते चित्रकाराने भरलं का.

मग कडा बघा. चेहऱ्याची उजेडाकडची कड धारदार आणि अंधाराकडची पार्श्वभूमीत विरघळलेली, असं असेल तर हात जाणकाराचा. सगळ्याच कडा कात्रीने कापल्यासारख्या असतील तर सावध व्हा. तैलरंगात उजेडातला रंग जाड आणि सावलीतला पातळ असतो, ही जुनी शिस्त आहे. बाजूने तिरक्या प्रकाशात पाहिलं की ती चटकन दिसते. व्यक्तिचित्रात हात आणि कान बघायला विसरू नका. चेहरा सगळेच जीव ओतून करतात, कंटाळा येतो तो हातांपाशी. निसर्गचित्रात झाडाची पानं मोजून काढली आहेत की झाडाचा झुबका एका उजेडात पकडलाय, तेवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

आता फसवणुकीचा भाग, कारण त्याचा त्रास आम्ही टेबलावर रोज बघतो. कॅनव्हासवर डिजिटल प्रिंट काढून त्यावर पारदर्शक जेलचे ब्रशचे फटकारे मारले जातात आणि ते ‘ओरिजिनल’ म्हणून विकलं जातं. साधं दहापटीचं भिंग खिशात ठेवा. प्रिंटमध्ये रंगाचे बारीक ठिपके दिसतात. शिवाय जेलचे फटकारे रंगाच्या सीमेला जुमानत नाहीत, आकाशातून निघून थेट देवळाच्या कळसावरून पुढे जातात. खऱ्या चित्रात ब्रशचा फटकारा आणि रंग एकच असतात.

जुनी चित्रं

वाड्यातून, जुन्या फ्लॅटमधून निघालेली चित्रं घेताना चित्राची मागची बाजू पुढच्याइतकीच नीट बघावी. जुन्या प्रदर्शनाचं लेबल, फ्रेमवाल्याचा कागद, पेन्सिलीने लिहिलेली किंमत, हे सगळं पुरावा असतं. फ्रेम बदलताना हे फेकून देऊ नका. आमच्याकडे काम दिलंत तर आम्ही ते जपून मागे पुन्हा लावून देतो. सहीखालच्या रंगाला तडे आहेत आणि सही मात्र तड्यांच्या आत ओघळली आहे, असं दिसलं तर ती सही मागाहून केली गेली आहे असं धरून चाला. चित्र कुणाकडून कुणाकडे आलं याची साखळी लेखी मागा. तोंडी ‘आजोबांनी हळदणकरांकडूनच घेतलं होतं’ याला बाजारात काही वजन नाही.

रविवर्म्याच्या नावावर घरोघरी जे असतं ते बहुतेक वेळा ओलिओग्राफ, म्हणजे छापील चित्र. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये घाटकोपरला सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. चित्राखालच्या पट्टीवर छापखान्याचं नाव बहुधा वाचता येतं. हे छापील चित्रही जपण्यासारखं आहे, जरीकाम केलेली तर फारच सुंदर असतात. फक्त ते मूळ तैलचित्राच्या भावाने घेऊ नये.

कायद्याच्या दोन गोष्टी. शंभर वर्षं पूर्ण झालेलं चित्र १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्याखाली येतं, त्याची नोंदणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे करावी लागते आणि ते परदेशी नेता येत नाही. रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस अशा नऊ कलावंतांची चित्रं कलानिधी, म्हणजे देशाचा ठेवा, ठरलेली आहेत, तीही देशाबाहेर जाऊ शकत नाहीत. अमेरिकेत किंवा दुबईत राहणाऱ्या मुलांसाठी चित्र घेणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावं.

किंमत, लिलाव, कागदपत्रं

हयात चित्रकार बहुधा आकारावर दर लावतात, म्हणून एकाच प्रदर्शनातलं छोटं चित्र स्वस्त आणि मोठं महाग असतं, दर्जा कसाही असो. आमचा सल्ला असा की बजेट ठरलेलं असेल तर मोठ्या मध्यम चित्राऐवजी लहान उत्तम चित्र घ्यावं. घासाघीस सभ्यपणे करावी. दोन चित्रं घेत असाल तर चित्रकार स्वतःहूनच काही कमी करतो.

लिलावाच्या बातम्यांनी घाबरून जाऊ नका. शेरगिलचं ‘द स्टोरी टेलर’ सप्टेंबर २०२३ मध्ये ६१.८ कोटींना गेलं हे खरं, पण सॅफ्रनआर्ट, पंडोल्स, अस्तगुरू या मुंबईतल्याच लिलावगृहांत एम. व्ही. धुरंधर, हळदणकर या जुन्या मुंबईकर चित्रकारांच्या पिढीची जलरंगातली कामं काही लाखांत, कधी त्याखालीही मिळतात. लिलावाआधीचं प्रदर्शन सर्वांना खुलं असतं. बोली लावायची नसली तरी जा, ही चित्रं पुन्हा एखाद्या घरात दिसेनाशी होणार असतात. बोली लावणार असाल तर हातोडी पडलेल्या किमतीवर लिलावगृहाचं शुल्क, बहुधा २० टक्क्यांच्या आसपास, आणि कर हे धरूनच आकडा ठरवा.

पक्कं बिल आणि चित्रकाराच्या सहीचं प्रमाणपत्र घ्या. त्यावर चित्राचा फोटो, माप, माध्यम आणि वर्ष हवं. हाताने केलेल्या चित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे. लहान उलाढालीचा चित्रकार नोंदणीकृत नसेल तर तो जीएसटी लावत नाही, त्यात काही गैर नाही. पुढे चित्र विकलंत तर नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो, चित्रं घरगुती वस्तूंच्या सवलतीत बसत नाहीत. म्हणून बिल जपा.

चित्र विकत घेतलं म्हणजे त्याच्या प्रती छापायचा हक्क मिळाला असं नाही. कॉपीराइट चित्रकाराकडे राहतो. मात्र आईवडिलांचं व्यक्तिचित्र पैसे देऊन खास तुमच्यासाठी करून घेतलंत, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचे पहिले मालक तुम्ही असता. असं काम सांगताना किती बैठकी होतील, फोटोवरून होणार का, आवडलं नाही तर काय, आणि आगाऊ रक्कम किती, हे चार ओळींत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. दिवंगत माणसाचं चित्र करून घेत असाल तर एकाच चांगल्या फोटोपेक्षा वेगवेगळ्या कोनांतले चार साधे फोटो चित्रकाराला जास्त उपयोगी पडतात.

घरी आणल्यावर

जलरंग काचेत, तैलरंग शक्यतो काचेविना. जलरंगाच्या कागदाला काच चिकटता कामा नये, म्हणून मध्ये ॲसिड-फ्री माउंट, म्हणजे आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याची चौकट, लावतो. साध्या पुठ्ठ्याचा माउंट काही वर्षांत कागदावर तपकिरी कड उमटवतो, ती मग जात नाही. तैलचित्र ताजं असेल तर वॉर्निशची घाई नको, जाड रंग आतून सुकायला सहा महिने ते वर्ष लागतं. पावसाचा मारा लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नका. टांगावंच लागलं तर आम्ही मागे बुचाचे तुकडे लावतो, म्हणजे हवा खेळती राहते. जुनं तैलचित्र कापलेल्या बटाट्याने किंवा कांद्याने पुसायची पद्धत अजून चालू आहे. कृपया करू नका. बटाट्याचा स्टार्च तड्यांत बसतो आणि बुरशीला खाद्य मिळतं. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा, पुढचं आमच्यावर सोपवा.

चित्र दुकानात आणताना प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, जुन्या धुतलेल्या सुती चादरीत आणा आणि रंगाची बाजू कशालाही टेकू देऊ नका. बघून सांगण्याचे पैसे नाहीत. अस्सल-नक्कल याचा लेखी दाखला मात्र आम्ही देत नाही, तो त्या चित्रकाराच्या कामाचा अभ्यास असलेल्या जाणकाराकडूनच घ्यावा लागतो. जून ते सप्टेंबर या काळात कागदावरच्या चित्रांच्या फ्रेमला नेहमीपेक्षा आठवडाभर जास्त लागतो, कारण कागद पुरता कोरडा झाल्याशिवाय आम्ही काच बंद करत नाही.