कौटुंबिक आजार-इतिहास (आनुवंशिक कर्करोग संशोधनातील)

रक्ताच्या नात्यातील कोणाला, कोणत्या अवयवाचा, किती वयात कर्करोग झाला याची सहसा तीन पिढ्यांची माहिती संशोधनासाठी देण्याची पद्धत. एकूण कर्करोगांपैकी सुमारे ५ ते १० टक्केच आनुवंशिक मानले जातात. घरात दोघांना तोंडाचा कर्करोग झाला, तर आधी तंबाखू-मिसरीची चौकशी करावी लागते.

पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्ये स्तनाचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या आढळलेल्या एका घराण्याची हकीकत छापली. हे घराणे त्यांच्या पत्नीचेच असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अमेरिकेत ऑल्ड्रेड वॉर्थिन यांनी १८९५ च्या सुमारास ‘जी’ घराण्याचा अभ्यास सुरू केला व तो १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्याकडील शिवणकाम करणारी बाई धडधाकट असताना म्हणाली होती, की आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाही तर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, मीही तशीच जाणार. ती गर्भाशयाच्याच कर्करोगाने गेली. काळाने ब्रोका आधीचे खरे. पण घरच्या माणसाने आपणहून सांगितलेली माहिती संशोधनाचा पाया ठरली ती वॉर्थिन यांच्याकडे, त्यामुळे आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. याच प्रकाराचा पुढील अभ्यास हेन्री लिंच यांनी केला व त्याला लिंच सिंड्रोम हे नाव पडले. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये स्तन व अंडाशयाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए-१ या जनुकाची जागा सतराव्या गुणसूत्रावर दाखवली, तीही अशाच घराण्यांच्या आधारे.

ही माहिती वंशवृक्षाच्या आकृतीत मांडतात; तीत पुरुष चौकोनाने, स्त्री वर्तुळाने दाखवतात. आजारी व्यक्तीचे चिन्ह भरीव, मृताच्या चिन्हावर तिरपी रेघ. नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल असलेल्या कोल्हापूर भागात ही रेघ वारंवार लागते आणि जनुकातला दोष आईकडून आला की वडिलांकडून, हे उलगडणे अवघड होते. बीआरसीएचा दोष बापाकडूनही मुलीकडे येतो. प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. त्यामुळे आत्याचा आजार मावशीच्या आजाराइतकाच महत्त्वाचा.

कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात घराण्यांच्या पिढ्या सांगण्याचे काम परंपरेने हेळवी करतात. मात्र त्यांच्या नोंदींचा ओघ मुख्यतः पुरुषवंशाचा. लेकी सासरी गेल्या की धागा सुटतो, आणि स्तन व अंडाशयाच्या कर्करोगात नेमका तोच हवा असतो. आजारांची नावेही मोघम असतात. ‘आजीची पिशवी काढली’ यावरून शस्त्रक्रिया कर्करोगासाठी झाली की रक्तस्रावासाठी, ते कळत नाही. ‘पोटात गोळा होता’ म्हणजे आतडे, अंडाशय, यकृत काहीही. सन आठवत नसल्यास बहात्तरचा दुष्काळ, कोयनेचा भूकंप (१९६७) किंवा पंचगंगेचा २००५ चा महापूर विचारून वय ठरवता येते. जुनी फाइल वा बायोप्सीचा कागद सापडल्यास सांगण्यापेक्षा तो प्रमाण धरावा.

भारतीय घराण्यांची माहिती तुलनेने कमी जमा असल्याने जनुकातील काही बदल धोक्याचे की निरुपद्रवी, हे ठरत नाही. असा बदल आजारी नातलगांत आहे आणि वयस्क निरोगी नातलगांत नाही, असे अनेक घरांत दिसले तरच निकालाकडे जाता येते. त्यासाठी निरोगी माणसांचीही नोंद लागते. ती सांगायचीच राहून जाते.

माहिती देणाऱ्याची लेखी संमती घेतली जाते; भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे येथे लागू होतात. पण आकृतीत चुलत्याचा, आत्याचा आजारही येतो आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. म्हणून नावांऐवजी क्रमांक वापरतात. लग्नाची मुलगी असलेल्या घरात एवढ्याने भागत नाही; तेथे स्थळाला अडचण येईल या धास्तीने आईकडची बाजू पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत भरली जाते.