इन्सुलेशन बसवण्याआधी पोटमाळ्याची तयारी

पेठांमधल्या जुन्या घरांत आणि बैठ्या बंगल्यांत कौले किंवा पत्रा, खाली लाकडी तख्तपोशी आणि मधे पोटमाळा अशी रचना अजून बरीच दिसते. मार्च उलटला की या माळ्यातला उकाडा खालच्या खोल्यांत उतरतो आणि आम्हाला इन्सुलेशनसाठी, म्हणजे उष्णता अडवणारा थर बसवण्यासाठी, फोन येऊ लागतात. "दोन दिवसांत बसवून द्या" असे बरेचजण म्हणतात. बसवण्याचे काम खरेच लवकर होते. वेळ जातो तो तयारीत, आणि तिथे घाई करू नये असे आमचे ठाम मत आहे.

सर्वात आधी गळती. भर दुपारी माळ्यावरचा दिवा बंद करून पाच मिनिटे थांबा. जिथून उन्हाचा कवडसा आत येतो तिथे कौल सरकलेले किंवा फुटलेले असते. जवळच्या वाशावर खडूने खूण करा. वाशांवर पाण्याचे काळपट ओघळ दिसतात का, तेही पाहा. ओघळ वरून सुरू झाला असेल तर कौल बदलावे लागते, भिंतीलगत असेल तर बहुधा पन्हळ तुंबलेली असते. ग्लासवूल किंवा रॉकवूल (काचेच्या किंवा दगडाच्या तंतूंचे इन्सुलेशन) भिजले की दबते, उष्णता अडवत नाही आणि ओल धरून ठेवल्याने खालचे लाकूड सडू लागते. वर इन्सुलेशन आले की ही गळती वर्षानुवर्षे दिसतही नाही. म्हणून गळती बंद झाल्याशिवाय आम्ही काम सुरू करत नाही. वाशांवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी. तिचा बंदोबस्तही आधीच करायचा.

मग धूळ. कृपा करून माळा कोरड्या केरसुणीने झाडू नका. सगळी धूळ हवेत उडते, तख्तपोशीच्या फटींतून खाली झिरपते आणि तासाभराने पुन्हा तिथेच बसते. आम्ही हेपा फिल्टरचा (अगदी बारीक धूळही अडवणारा) व्हॅक्यूम वापरतो आणि नंतर ओल्या फडक्याने वासे पुसतो. हे एवढ्यासाठी, की धुळीवर टेप चिकटत नाही. शिवाय इन्सुलेशनच्या चकाकणाऱ्या फॉइलवर धूळ बसली की तिचा उष्णता परतवण्याचा गुण कमी होतो. म्हणून फॉइलची चकाकणारी बाजू आम्ही खाली ठेवतो आणि तिच्याखाली किमान 25 मिलिमीटर मोकळी हवा सोडतो.

कबुतरांची विष्ठा साठलेली असेल तर तिला हात लावू नका. तिच्या धुळीने फुप्फुसांचे गंभीर आजार होतात. आधी पाण्याचा फवारा मारून, एन-95 मास्क आणि हातमोजे घालूनच ती काढायची. घरात दम्याचे रुग्ण किंवा लहान मुले असतील तर त्या दिवशी त्यांना नातेवाइकांकडे पाठवा. घुबडाचे घरटे आढळले तर काम थांबवा आणि वनविभागाला कळवा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबडाला संरक्षण आहे.

जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे. त्याला ड्रिल मारणे, घासणे, तोडणे, काहीही करू नका. त्याचे तंतू श्वासातून गेले तर पुढे कॅन्सर होऊ शकतो. असा पत्रा न छेडता खालून काम कसे करायचे, हे आम्ही पाहणीत सांगू.

वायरिंग इलेक्ट्रिशियनला दाखवा. जुन्या रबरी वायरचे आवरण हाताने वाकवले तरी तडकते, आणि अशी वायर ग्लासवूलखाली गाडली की तापते. ती बदलून घ्या.

सामान उतरवताना घरचे कोणीतरी सोबत हवेच. तांब्या-पितळेची भांडी, गौरींचे मुखवटे ओळखता येतात, पण जुन्या ट्रंकेत सातबाऱ्याचे कागद आहेत की रद्दी, हे आमच्या माणसांना कळणार नाही. माळ्यावर चढताना पाय तुळईवर ठेवा. फळ्या वरून धड दिसल्या तरी आतून पोखरलेल्या असू शकतात.

कामाला दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. उन्हाळ्यातच करायचे असेल तर आम्ही सकाळी सातला येतो आणि अकराच्या आत माळ्यावरून उतरतो. सफाई आणि कौल-दुरुस्तीचा खर्च दरपत्रकात वेगळा लिहिलेला असतो, म्हणजे काय कशासाठी घेतले ते समजते. पाहणीला येऊ तेव्हा माळ्याची किल्ली आणि शिडी तयार ठेवा, आणि गेल्या पावसाळ्यात कुठे बादली लावावी लागली ते आठवून ठेवा.