पाचवर अडकलेला काटा

माझ्या भाच्याने एक जुनी जर्मन टू-सीटर घेतली. घरची द्राक्षबाग दिंडोरीकडे, राहणं गंगापूर रोडला, आणि हौस अशी की रविवारी सकाळी गाडी धुवायची, पुसायची, त्र्यंबक रोडने एक चक्कर मारायची आणि परत झाकून ठेवायची. आपल्या रोजच्या गाड्यांत तेलासाठी किटलीच्या चित्राचा लाल दिवा तेवढा असतो. या गाडीत ऑइल प्रेशरचं वेगळं मीटर आहे, ० ते ५ बारचं (बार हे दाबाचं एकक), आणि त्याचा काटा कायम पाचवर. "मामा, बघा, प्रेशर फुल्ल आहे!" मीही कौतुकाने मान डोलावली.

मे महिन्यात चित्र बदललं. मुंबई नाक्याच्या गर्दीत वीस मिनिटं रखडल्यावर स्पीडब्रेकर आला की काटा धाडकन एकवर यायचा आणि लगेच पुन्हा पाचवर. एका गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच निकाल दिला: क्रँकचे, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याचे बेअरिंग गेले, इंजिन उतरवावं लागेल. भाच्याची झोप उडाली.

मग आम्ही अण्णांकडे गेलो. अण्णा सातपूरच्या एमआयडीसीत तीस वर्षं मेंटेनन्स फिटर होते. त्यांनी बॉनेटसुद्धा उघडायला लावलं नाही.

"सकाळी थंड गाडी चालू केली की किती दाखवतं?"

"पाच, अण्णा."

"आणि गरम झाल्यावर, सिग्नलला?"

"पाचच."

"मग ते मीटर नाही, भिंतीवरचं चित्र आहे."

अण्णांचं म्हणणं समजायचं तर आधी ऑइल प्रेशर येतं कुठून ते बघायला हवं. इंजिनातला तेलाचा पंप दाब तयार करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. क्रँक एकदा फिरला की ठरलेलं माप पुढे. दाब येतो तो पुढच्या वाटेतल्या अडथळ्यामुळे. भाच्याला हे बागेच्या भाषेत लगेच पटलं. ठिबकची मोटर तीच, पाणी तेच. पण एखादी लॅटरल, म्हणजे ओळीतली नळी फुटली की फिल्टरवरच्या गेजचा काटा खाली येतो. मोटर बिघडलेली नसते, पाण्याला सोपी वाट मिळालेली असते. इंजिनात ही वाट म्हणजे बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधली फट, केसाच्या जाडीइतकी किंवा त्याहूनही बारीक, साधारण ०.०३ ते ०.०७ मिलिमीटर.

या फटीतून किती तेल निसटेल हे तेलाच्या घट्टपणावर ठरतं, आणि घट्टपणा तापमानावर. भाच्याच्या गाडीत २०डब्ल्यू-५० तेल आहे. अशा तेलाची स्निग्धता ४० अंश सेल्सियसला दीडशे सेंटिस्टोक्सच्या पुढे असते आणि १०० अंशाला अठराच्या आसपास उतरते, म्हणजे जवळपास नऊ पट पातळ. नाशिकच्या जानेवारीतल्या आठ-नऊ अंशांच्या पहाटे ते किती घट्ट असेल याची कल्पना करा. तेव्हा इंजिन नुसतं आयडलिंगला असलं तरी दाब वर चढतो, इतका की स्प्रिंगचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून जादा तेल परत इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये सोडतो. थंड गाडीत पाच दिसणं शक्य आहे. पण मे महिन्यात तापलेलं, पातळ झालेलं तेल आणि मिनिटाला आठशे फेऱ्यांवर रेंगाळणारा पंप? तिथे पाच बार येणारच नाही. जुन्या मेकॅनिकांचा ढोबळ हिशेब हजार फेऱ्यांमागे १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार. त्या हिशेबाने सिग्नलला अर्धा-पाऊण बारही चालतो. एक बार तर उत्तमच.

म्हणजे सगळे ज्या क्षणाला घाबरले, काटा एकवर पडायचा तो क्षण, तेवढाच खरा होता.

अण्णांची युक्ती मला फार आवडली. ते काटा किती दाखवतो हे दुय्यम मानतात. तो कसा चालतो ते आधी बघतात. तेलाची एक चाल असते. तापेल तसा दाब हळूहळू, मिनिटामिनिटाने उतरतो. इंजिन रेस केलं की चढतो, सोडलं की सावकाश खाली येतो. विजेची चाल वेगळी. हेडलाइट लावला, रेडिएटरचा पंखा सुरू झाला, गाडी खड्ड्यात आदळली आणि काटा उडाला, तर त्यात तेलाचा काय संबंध? पंख्याचा आवाज ऐकून तेल घट्ट होत नाही. आणि पेट्रोल, तापमान यांचे काटेही सोबतीने भरकटत असतील तर दोष बहुतेक सगळ्यांच्या सामाईक वायरमध्ये किंवा अर्थमध्ये, म्हणजे बॉडीतून वीज परतायच्या वाटेत.

आता ही वीज काय करते ते बघू. मीटरला दाब कळवणारा सेंडर इंजिनवर बसवलेला असतो आणि त्यात धातूचा एक पातळ पडदा असतो. तेलाने तो ढकलला की आतली पट्टी रोधाच्या तारेवर सरकते. युरोपीय पद्धतीच्या, व्हीडीओ या जर्मन कंपनीच्या धर्तीच्या सेंडरमध्ये शून्य दाबाला सुमारे १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८० ओहम रोध असतो. मीटर हा रोध मोजतं आणि त्याला दाब म्हणतं. त्याला तेल माहीतच नाही. वायर तुटली तर रोध अनंत, म्हणून काटा टोकाला, पाचवर. वायर बॉडीला टेकली तर काटा शून्यावर. अमेरिकी पद्धतीच्या बऱ्याच सेंडरमध्ये हे उलटं असतं: शून्याला २४० ओहम, पूर्ण दाबाला ३३. तिथे वायर तुटली की काटा शून्यावर पडतो आणि मालक धावत गॅरेजमध्ये येतो. युरोपीय गाडीत तीच वायर तुटली की मालक खूश होतो. मला विचाराल तर दुसरी खोड जास्त धोक्याची, कारण गोड बातमीची चौकशी कुणी करत नाही.

भाच्याच्या गाडीत वायर शाबूत होती. अण्णांनी मल्टिमीटरचं एक टोक सेंडरच्या बॉडीला लावलं, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. रोध जवळपास शून्य हवा होता. कधी तीन ओहम दिसले, कधी मीटर कोरंच. सेंडर फिरवून काढला तर आट्यांवर पांढऱ्या टेफलॉन टेपचे चांगले चार वेढे! आधीच्या मालकाच्या कुणा मिस्त्रीने तेल गळू नये म्हणून प्रेमाने गुंडाळलेले. एका वायरच्या सेंडरला परतीची वाट बॉडीतूनच असते, आट्यांच्या धातूमधून. टेफलॉन हा उत्तम विद्युतरोधक. दणका बसला की आटे कुठेतरी टेकायचे, अर्थ लागायचा आणि खरा आकडा दिसायचा. पुन्हा सुटला की पाच. टेप काढली, आटे पुसले, तांब्याचं नवं वॉशर घातलं. सुटा भाग एवढाच लागला.

पण अण्णा तिथे थांबले नाहीत, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं. मीटर खोटं ठरलं म्हणून इंजिन निर्दोष ठरत नाही. त्यांनी सेंडरच्या जागी नळीने यांत्रिक गेज जोडलं. यात वीज नाही. आत चपट्या पितळी नळीचा अर्धवट वळसा असतो. दाब आला की तो सरळ व्हायला बघतो आणि काटा ओढतो. पॅरिसच्या यूजेन बूर्दाँने १८४९ साली याचं पेटंट घेतलं, आणि भाच्याच्या सँड फिल्टरवरचं गेजही त्याच वंशातलं. मग अण्णांनी त्याला घोटीपर्यंत जाऊन यायला सांगितलं, कारण पाण्याचा काटा मध्यावर आला तरी तेल तापायला आणखी वेळ लागतो आणि कोमट तेलावरची मोजणी फसवी. परत आल्यावर आयडलिंगला १.१ बार, तीन हजार फेऱ्यांवर ३.९. इंजिन ठीक होतं.

ठीक नसतं तर? तेव्हा तेलाची चाल पुन्हा कामी येते. थंडीत दाब चांगला, गरम झाल्यावर आयडलिंगला अगदीच मरगळलेला आणि रेस केल्यावरही पुरेसा न चढणारा असेल, तर बेअरिंगची फट वाढल्याचा संशय घ्यावा. गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते: फट दुप्पट झाली की त्याच दाबाला आठपट तेल निसटतं. आयडलिंगला बरं पण जास्त फेऱ्यांवर दाब ढासळत असेल, तर चेंबरमधली जाळी तुंबलेली असू शकते. थंड गाडीतही दाब कमी असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा अडकल्याची शक्यता. आणि सगळ्यांच्या आधी डिपस्टिक काढून तेल किती आहे ते बघा. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल तर ते पातळ झालंय, यंत्राला दोष देऊ नका.

स्पोर्ट्स कारची एक खास भानगड मात्र खरीच असते. ट्रॅकवर लांब वळण जोरात घेतलं की चेंबरमधलं तेल एका बाजूला चढतं आणि पंपाचं तोंड क्षणभर हवा ओढतं. दाब खरोखर कोसळतो. संथ काट्याला तो क्षण दिसतही नाही. अर्ध्या बारच्या खाली पेटणारा दिवा मात्र लुकलुकतो. म्हणून चेंबरमध्ये आडपडदे बसवतात, किंवा जुन्या पोर्शे ९११ सारखी तेलाची टाकीच वेगळी ठेवतात. दिव्याबाबत अण्णा कडक आहेत: पेटला की आधी इंजिन बंद, शंका नंतर.

कंपन्यांनाही या काट्याचा त्रास झालेला दिसतो. माझदाने एमएक्स-५ या टू-सीटरमध्ये आधी खरं मीटर दिलं होतं; १९९५ च्या मॉडेलपासून तिथे नुसता स्विच आला, म्हणजे थोडासा दाब असला की काटा मध्यावर जाऊन गप्प. मीटरचा चेहरा, काम दिव्याचं. आजच्या अनेक तीन वायरी सेन्सरमध्ये मात्र हुशारी आहे. शून्य दाबाला ते ०.५ व्होल्ट देतात, पूर्ण दाबाला ४.५. त्यामुळे ० व्होल्ट आले की दाब गेला नसून वायर तुटली आहे हे संगणकाला कळतं.

भाच्याचा काटा आता मुंबई नाक्याला एकच्या जरा वर थांबतो. तो अजून दर वेळी हळूच अॅक्सिलरेटर दाबून काटा चढतो का ते बघतो, आणि मागच्याचा हॉर्न वाजला की निघतो.