आवाज कशाबरोबर फिरतो?

जुन्या गाडीत नवा आवाज सुरू झाला की आत बसलेल्या चौघांची चार मतं पडतात. एकाला तो मागच्या चाकात वाटतो, दुसऱ्याला डॅशबोर्डखाली. यात कुणाच्या कानाचा दोष नाही. आवाजाची दिशा मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ठरवतो, हे लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडलं. उंच पट्टीचा आवाज डोक्याच्या आडोशामुळे पलीकडच्या कानाला कमी ऐकू येतो. खालच्या पट्टीचा एका कानाला जरा आधी पोहोचतो, पण हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. बंद गाडीत काचा आणि पत्र्यांवरून आवाज उलटसुलट आपटतो आणि एवढासा फरक त्यात विरून जातो. त्यातून पोलादात आवाज सेकंदाला सुमारे ५,००० मीटर धावतो, हवेत जेमतेम ३४०. एक्सलमध्ये, म्हणजे चाकांच्या आडव्या दांड्यात, उठलेली थरथर चॅसीतून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातून, पुढे येते आणि भलत्याच पत्र्यातून ऐकू येते.

म्हणून मी आधी विचारतो, आवाज कशाबरोबर फिरतो?

बेळगावजवळच्या खानापूरकडच्या आमच्या एका पाहुण्यांच्या जुन्या डिझेल जीपमध्ये ताशी ४५ च्या पुढे घूं-घूं सुरू व्हायची. ६० ला बोलणं ऐकू येईना. जांबोटीच्या पुढे, चोर्ला घाटाकडे जाताना एका लांब डाव्या वळणावर तर ती हमखास वाढायची. गावात बोलणं सुरू झालं की त्या वळणावर काहीतरी आहे. बंपरला लिंबू-मिरची आली, अमावस्येला नारळ फुटला. खंडेनवमीला गाडीला हार घालणं मलाही आवडतं, पण चालत्या गाडीतल्या आवाजावर उतारा शोधण्यात महिने घालवणं जिवावर बेतू शकतं. आवाज त्याच वळणावर का वाढतो, याचं उत्तर त्या वळणाच्या आकारातच होतं.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मिस्त्रींनी आधी एकच सांगितलं, "सरळ मोकळ्या रस्त्यावर न्यूट्रल करून सोडा की एकदा. इंजिन बंद करू नका, ब्रेक जड होतोय." न्यूट्रल करताच इंजिन मंदावलं, घूं-घूं तशीच राहिली. चार सिलिंडरच्या चारस्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. आवाज इंजिनाचा असता तर तो फेऱ्यांबरोबर खाली आला असता. उरली चाकांबरोबर फिरणारी मंडळी: टायर, बेरिंग (चाकाचा दांडा सहज फिरावा म्हणून बसवलेलं रोलरचं कडं), डिफरन्शियल (इंजिनाचं बळ दोन्ही चाकांत वाटणारी दात्यांची पेटी), प्रॉपेलर शाफ्ट (ते बळ मागे नेणारा लांब दांडा) आणि त्याचे क्रॉस (त्याच्या टोकांचे सांधे).

आता ते वळण. डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकांवर कलतं. उजव्या बेरिंगवरचा भार वाढतो आणि त्यात खोट असेल तर आवाजही वाढतो. उजव्या वळणावर तो कमी झाला, की संशय उजव्या बाजूवर पक्का होतो. जीपमध्ये नेमकं तेच झालं.

बेरिंगच्या आत काय चालतं हे मला फार देखणं वाटतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. या जीपच्या मागच्या एक्सलमध्ये बाहेरची रिंग स्थिर असते, आतली शाफ्टबरोबर फिरते आणि मधे रोलर असतात. रोलरची एक बाजू फिरत्या रिंगला टेकलेली, दुसरी स्थिर रिंगला. त्यामुळे रोलरचा मध्य आतल्या रिंगच्या पृष्ठभागाच्या निम्म्या वेगाने सरकतो. पण त्याचं वर्तुळ मोठं असल्याने त्याचे फेरे निम्म्याहूनही कमी पडतात, ढोबळमानाने शाफ्टच्या ४० टक्के. चाकाचा घेर २.१ मीटर धरला तर ताशी ६० ला चाक सेकंदाला सुमारे ८ वेळा फिरतं. १५ रोलर असतील, तर बाहेरच्या रिंगवरच्या एका खड्ड्यावरून सेकंदाला ०.४ × १५ × ८, म्हणजे सुमारे ४८ रोलर जातील. खड्डा आतल्या रिंगवर असेल तर ती रोलरांच्या पुढे उरलेल्या ६० टक्क्यांनी पळते, त्या हिशेबाने ७२. वेग घटला की दोन्ही आकडे त्याच प्रमाणात घटतात.

प्रत्येक धडक मात्र अगदी क्षणिक असते आणि ती हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, लोखंडाला त्याच्या स्वतःच्या, कितीतरी उंच कंपनसंख्येवर वाजवते. देवळातली घंटा कितीही वेळा वाजवा, तिचा सूर तोच राहतो, बदलते ती टोल्यांची गती. बेरिंगची तपासणी करणारी उपकरणंही सूर बाजूला काढून टोल्यांचीच गती मोजतात. खड्डा आतल्या रिंगवर असेल तर आणखी एक गंमत होते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तो एकदाच भाराखाली येतो, म्हणून आवाजाला चाकाच्या लयीची लाट येते. कानाला जाणवणारी घूं-घूं ती हीच.

जॅकवर उचलून, पुढच्या चाकांना गाडी सरकू नये म्हणून उटी (ठोकळे) लावून, उजवं चाक हाताने फिरवलं आणि दुसरा हात स्प्रिंगच्या पाट्यांवर ठेवला तेव्हा बोटांना किरकिर लागली. बेरिंग बाहेर काढलं तर ग्रीस दुधाळ झालेलं, म्हणजे पाणी शिरलेलं. आतल्या रिंगच्या गुळगुळीत पट्ट्यावर तांदळाच्या दाण्याएवढा पोपडा सुटला होता. त्याच रस्त्यावरच्या कणकुंबीचा पाऊस आणि पाण्याने भरलेले खड्डे यांतून वर्षानुवर्षं गेलेल्या जीपचं सील, म्हणजे पाणी बाहेर अडवणारं कडं, असं हरणं नवलाचं नाही. असं बेरिंग तसंच चालवलं तर ते तापतं, जाम होतं आणि शेवटी चाक निखळण्यापर्यंत मजल जाते.

नवं बेरिंग आणि सील बसल्यावर ती घूं-घूं गेली, पण तिच्याखाली दबलेला एक बारीक आवाज वर आला. तो वळणाला बधत नव्हता. खडबडीत डांबरावरून नव्या गुळगुळीत पट्ट्यावर येताच मात्र त्याचा सूर बदलायचा. रस्ता बदलल्यावर बदलतो तो टायरचा आवाज. मागच्या एका टायरची नक्षी मधूनमधून कमी-जास्त झिजली होती.